चौदा नंबरमधला जादा माणूस

टप्.

दुपारचे पावणेचार वाजले होते. मुंगी झोपली होती, नळ बंद होते, वरच्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं मशीनसुद्धा दमून गप्प झालं होतं, आणि मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून काहीही न करण्याच्या कामाला नुकती सुरुवात केली होती. नेमका तेव्हाच फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक आपणहून खाली पडला. तो एकटा पडला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं; मूल झाल्यापासून ती विद्या मला चांगली अवगत आहे. पण तो पडला तो तीन महिने धरून ठेवलेला कागद सोबत घेऊन.

तो कागद मी दाताच्या डॉक्टरांकडे वाट बघत बसले असताना एका मासिकातून फाडला होता. फाडल्याचा आवाज लपावा म्हणून मोठ्याने खोकलेही होते, त्यामुळे शेजारचे दोन पेशंट उठून लांब जाऊन बसले. ‘पोर्क आणि भाज्यांचं स्टर फ्राय, फक्त वीस मिनिटांत’. खाली एका बाईचा फोटो. पांढराशुभ्र शर्ट, हातात उडती कढई, आणि बाई हसतेय. पांढरा शर्ट घालून कढईसमोर हसणारी बाई बघितल्यावर मला तिथेच संशय यायला हवा होता. कागदाच्या कडेला पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता, ‘कधी?’. हे अक्षर माझ्या नवऱ्याचं. सकाळी सहाला कामावरून येऊन फ्रिजमधलं पाणी पिताना कधीतरी लिहिलेलं.

कागद उचलायला वाकले आणि त्याचाच फोन आला.

माझा नवरा पावाच्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करतो. कारखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर. वारा इकडचा असला की आमच्या घरात ताज्या पावाचा वास येतो, नवरा येत नाही. त्याच्या जोडीदाराने पाय मोडून घेतल्यापासून दोघांच्या पाळ्या हा एकटाच करत होता. दुपारी दोनला जायचा, सकाळी सहाला यायचा. आम्ही मायलेकी निघताना तो झोपलेला, परतताना तो गेलेला. मुंगीने याची रीतसर नोंद ठेवली होती. (मुंगी हे तिचं कागदावरचं नाव नाही. पाच वर्षांची आहे, भिंतीच्या कडेकडेने चालते आणि सापडेल ते उचलून नेते, म्हणून पडलेलं नाव.) रोज सकाळी ती माझ्या बटणांच्या डब्यातलं एक बटण खिडकीत ठेवायची. एक बटण म्हणजे बाबाबरोबर न जेवलेला एक दिवस. बाबा आपल्याबरोबर जेवला की सगळी बटणं परत डब्यात, असा आमचा करार होता. खिडकीत अकरा बटणं झाली होती. आणखी किती मावतील, असं तिने त्याच सकाळी मला विचारलं होतं.

फोनवर तो म्हणाला की आज भट्टी साफ करायची म्हणून सात ते पावणेआठ काम बंद आहे, तर घरी येऊ का?

स्वतःच्या घरी येऊ का, असं विचारणाऱ्या माणसाला काय सांगणार. मी म्हटलं, "ये. जेवायलाच ये." जायला दहा मिनिटं, यायला दहा, मधे उरली पंचवीस. पदार्थ वीस मिनिटांचा. माझ्या हातात तीन तास. इतकं सोपं गणित माझ्या वाट्याला शाळेतसुद्धा आलं नव्हतं.

मुंगीला उठवलं, तोंड धुतलं आणि खाटकाकडे गेलो. कागदावर ‘पातळ पट्ट्या’ असं लिहिलेलं होतं, तेव्हा मी पोर्कच्या पातळ पट्ट्या मागितल्या. खाटकाने विचारलं, पातळ म्हणजे किती? इथे माझा धंदा आडवा आला. मी सकाळच्या वेळात चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मला कोणी ‘किती’ विचारलं की तोंडातून आपोआप मिलिमीटर बाहेर पडतात. मी म्हटलं, दोन मिलिमीटर. खाटकाने सुरा खाली ठेवला. आधी रांगेतल्या लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अत्यंत शांतपणे सांगितलं की बाई, हे दुकान आहे, इथे ऑपरेशनं होत नाहीत. रांगेतले लोक हसले. मुंगीही हसली, कारण सगळे हसत होते. शेवटी त्याने अख्खा तुकडाच माझ्या हातात दिला आणि वर सल्ला दिला की अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा, घट्ट झाला की कापा तुमच्या पट्टीने मोजून.

सल्ला चांगला होता. पण आमच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा हा कप्पा राहिलेला नाही, त्याची गुहा झाली आहे. अर्ध्या तासाने बघते तर मांस खालच्या बर्फाला असं चिकटलेलं की दोघांना वेगळं ओळखता येईना. मी उलथनं घालून बघितलं, लाटणं घेऊन ठोकलं, गरम पाण्याचा तांब्या ओतला. मुंगीने फुंकर मारली. अखेर तुकडा सुटला तेव्हा एका बाजूने वीट आणि दुसऱ्या बाजूने ओला टॉवेल अशी त्याची अवस्था होती. दोन मिलिमीटरचा विचार मी तिथेच सोडला. ज्या आकाराचे निघाले ते तुकडे मी मनातल्या मनात पट्ट्या म्हणून मंजूर केले.

ठोकाठोकी ऐकून समोरच्या काकू आल्या. काकू चाळीस वर्षं नर्स होत्या. अन्न म्हणजे अजून तपासणी न झालेला पेशंट, अशी त्यांची ठाम समजूत आहे. पोर्क म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग सांगितलं की हे आधी चांगलं अर्धा तास उकळायचं, नंतर तुला त्याचं काय करायचं ते कर. तेवढ्यात ठोकाठोकीचीच तक्रार घेऊन वरचे सर उतरले. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले पण शिकवणं थांबलेलं नाही. उकळायचं ऐकून ते तक्रार विसरले. म्हणाले, उकळणं हा मांसाचा अपमान आहे. कढई कोरडी तापवायची, तेल घालायचं, तेलातून धूर निघेपर्यंत थांबायचं, आणि मग दोन मिनिटं, फक्त दोन. त्याआधी घातलंत तर ते परतणं नाही, ती आंघोळ.

"आणि दोन मिनिटांत जंतू मेले नाहीत तर?" काकू म्हणाल्या.

"धूर निघणाऱ्या तेलात जंतू? अहो, तुम्ही तरी जगाल का?"

पुढचा पाव तास ते दोघं माझ्या स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून भांडले. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते नव्हतंही. कोणालाच दुखवायचं नाही, हा आमच्या घराण्यातला जुना आजार आहे. मी ठरवलं, दोघांचंही ऐकायचं. आधी काकूंचं अर्धा तास उकळणं, मग सरांचं धूर निघणारं तेल. या दोन पायऱ्यांच्या मधे मांस पुसून कोरडं करायचं असतं, हे मात्र दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. कारण प्रत्येकाच्या मते दुसरी पायरी मुळात नव्हतीच.

मांस उकळेपर्यंत भाज्या. गाजराच्या, सिमला मिरचीच्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या काड्या करा, असं कागद म्हणत होता. हे वीस मिनिटांत धरलेलं नव्हतं, हे आता माझ्या लक्षात आलं. त्या हसणाऱ्या बाईच्या मागे दुसरी एक बाई असणार, जी हसत नाही. आमच्या घरात दोन्ही बायकांचं काम माझ्याकडेच. मुंगीला मी फरसबीच्या शेंगा मोडायला बसवलं होतं. तिने तीन ढीग केले, आईचा, बाबाचा आणि तिचा, आणि प्रत्येकात मोजून शेंगा टाकल्या. शेवटी एक शेंग जादा आली. तिने क्षणभर विचार केला आणि ती कच्चीच खाऊन टाकली. सगळं जुळलं. पुढे जे झालं ते बघता, त्या संध्याकाळी इतका शहाणा निर्णय दुसऱ्या कोणीही घेतला नाही.

आता इथे आमच्या इमारतीबद्दल थोडं सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धुराचा भोंगा बसवला. भोंगा वाजला की गॅस बंद करायचा, काहीही न घेता खाली अंगणात जायचं, आपापल्या नंबराने रांगेत उभं राहायचं आणि मोजणी जुळेपर्यंत कोणी वर जायचं नाही, असा नियम. नियम सेक्रेटरीकाकांचा. काकांनी बत्तीस वर्षं एका गोदामात माल मोजला आहे. त्यांनी प्रत्येक घराकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता: ‘संध्याकाळी सात वाजता घरात असणाऱ्या व्यक्ती’. सगळ्यांनी घरात जितकी माणसं आहेत तितकी लिहिली. चष्म्याच्या दुकानात काम करणारी मी, आकडा कमी-जास्त लिहू शकत नाही. नवऱ्याची पाळी तेव्हाही दुपारी दोनपासूनचीच, म्हणजे संध्याकाळी सातला आमच्या घरात असतात दोघी. मी लिहिलं, दोन. काकांनी तेव्हा माझं कौतुकही केलं होतं, की बाळ, अख्ख्या इमारतीत फॉर्म नीट वाचणारी तू एकटीच.

सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना मी कढई तापवली. तेल घातलं. सरांनी सांगितल्याप्रमाणे धूर निघेपर्यंत थांबले. मग काकूंनी सांगितल्याप्रमाणे उकळलेलं, निथळतं, ओलं मांस त्यात टाकलं.

तो आवाज मी शब्दांत लिहू शकत नाही. मुंगीच्या मते आकाश फाटलं. कढईतून पांढरा लोट उठला, छताला लागला आणि खाली आमच्याकडे बघायला आला. मी खिडकी उघडली. वाऱ्याने लोट आत ढकलला. मुंगी खोकायला लागली. मग मी कुठलीही आई करेल तेच केलं, मुख्य दार सताड उघडलं. भोंगा आमच्या दाराच्या बरोबर समोर, दीड हातावर आहे.

गॅस बंद केला, भाज्या कढईत लोटल्या, सॉसची वाटी वरून उपडी केली, दोन फडक्यांनी कढई धरली आणि निघाले. काहीही न घेता जायचं, हे मला माहीत होतं. पण तीन तास आणि अकरा बटणं त्या कढईत होती. मुंगीने कपाटातून तीन ताटल्या आणि तीन काटे उचलले. तिलाही नियम माहीत होता. तिने माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही.

अंगणात सगळी इमारत उभी. कोणाच्या तोंडाला फेस, कोणाच्या केसांना रंग, एकाच्या अंगावर नुसता टॉवेल. कोणीतरी कुठे पेटलं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्या हातातल्या कढईकडे बघितलं. तिच्यातून अजून वाफ येत होती. मी मान ताठ ठेवून चौदा नंबरच्या जागी जाऊन उभी राहिले. कढई हातात घेऊन मान ताठ ठेवणं वाटतं तितकं सोपं नसतं.

सेक्रेटरीकाका वही घेऊन सुरुवातीपासून मोजत निघाले. तेवढ्यात फाटकातून नवरा आला. केसांत पीठ, हातात फडक्यात गुंडाळलेला पाव. सगळी इमारत रांगेत बघून त्याला वाटलं असणार की कसली तरी सभा आहे. त्याने आम्हाला शोधलं आणि मुकाट्याने आमच्या मागे येऊन उभा राहिला. मुंगीने त्याचं बोट धरलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

काका शेवटपर्यंत गेले. वहीत बघितलं. परत मोजलं. वहीत त्रेसष्ट, अंगणात चौसष्ट.

"एक जादा आहे," ते म्हणाले.

सगळ्यांना हायसं वाटलं. कमी नाही ना, मग चला वर. पण काकांनी हात वर केला. माल कमी भरला तर चोरी झाली असं म्हणता येतं, ते समजावून सांगायला लागले, पण जादा भरला तर तो आला कुठून, हे कोणालाच सांगता येत नाही. गोदामात जादा पोत्याइतकी वाईट गोष्ट नाही. तिसऱ्यांदा, आता घरनिहाय मोजणी झाली. चौदा नंबरपाशी येऊन काका थांबले.

"चौदा. दोन," त्यांनी वाचलं. मग पिठाने माखलेल्या माझ्या नवऱ्याकडे पेन्सिल केली. "हे कोण?"

"हे माझे मिस्टर," मी म्हटलं.

"वहीत नाहीत."

"ते कामावर असतात, काका."

"आता तर इथे आहेत."

एवढ्यावर रांगेत कुजबुज सुरू झाली. तळमजल्यावरच्या आजींनी स्पष्टच सांगितलं की या माणसाला मी कधी बघितलेलं नाही. टॉवेलवाला म्हणाला, मी बघितलंय, पण झोपलेला. सरांनी सुचवलं की मुलीचा चेहरा बघा, कान तेच आहेत. मग सगळ्यांनी आळीपाळीने दोघांचे कान बघितले. माझ्या लग्नाची शहानिशा अंगणात चालली होती आणि माझ्या हातातली कढई गार होत होती. सव्वासात वाजून गेले होते. नवरा ताठ उभा होता, नव्या शाळेत आणून उभं केलेल्या मुलासारखा.

काकांचा स्वभाव वाईट नाही. वही हातात नसली की ते मला बाळ म्हणतात. आता वही हातात होती. ते म्हणाले, सदस्यांनी दुरुस्तीचा अर्ज द्यावा, म्हणजे मला आकडा बदलता येईल आणि लोकांना वर सोडता येईल. कागद? माझ्या खिशात तो मासिकाचा कागद होता. मागे कसलीशी जाहिरात होती, पण अर्धं पान कोरं.

तोवर मुंगीने फुलझाडांच्या कठड्यावर तीन ताटल्या मांडल्या होत्या. "बाबा, बस," ती म्हणाली, "रांग सोडायची नाही, इथेच बस."

म्हणून आम्ही रांगेतच जेवलो. मी कठड्यावर बसून एका हाताने अर्ज लिहीत होते, काका सांगत होते, आणि नवरा काट्याने मला मधूनमधून भरवत होता. ‘मी, चौदा नंबर, कळवते की माझ्या घरातील व्यक्तींचा आकडा’, इथे तोंडात गाजर, ‘नजरचुकीने कमी लिहिला गेला’. पोर्क वरून करपलेलं आणि आतून उकडलेलं झालं होतं, म्हणजे सर आणि काकू दोघांचंही बरोबर ठरलं होतं. फरसबी करकरीत. सॉस सगळा एकाच कोपऱ्यात. नवऱ्याने पहिला घास चावला, बराच वेळ चावला, आणि मग म्हणाला, "छान झालंय. जरा धुरकट आहे." त्याने आणलेला पाव तोडून मुंगीने कढई पुसायला सुरुवात केली. काकूंनी जंतू मेले की नाही बघायला एक तुकडा घेतला. सरांनी दोन मिनिटांच्या जागी किती वेळ ठेवलं ते चाखून बघायला दोन घेतले. मासिकातल्या बाईने केलेलं कोणी असं रांगेत उभं राहून चाखलं असेल, असं मला वाटत नाही.

मुंगीने आपला ढीग मोजून संपवला. बाबाच्या ताटलीतल्या शेंगाही मोजल्या. मग त्याच्या मांडीवर बसून, त्याचा पिठाचा हात आपल्या केसांत घेऊन, ती त्याला त्या अकरा दिवसांतलं सगळं सांगायला लागली, एका श्वासात, दिवस उलटसुलट करत. तो ‘हो का’, ‘अरे वा’ म्हणत होता आणि घड्याळाकडे बघायचं टाळत होता. मी बघितलं. सात तेहतीस.

मी सही केली. काकांनी अर्ज दोनदा वाचला, पलटून कढई उडवणाऱ्या बाईकडे आणि कडेच्या ‘कधी?’ या शब्दाकडेही बघितलं, आणि वहीत दोनवर रेघ मारली. मग पेन्सिल तशीच धरून त्यांनी मला विचारलं, या वेळी जरा हळू आवाजात, "बाळ, तीन करतो. पण कायमचे करू की आजपुरते?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो उभा राहून शर्टावरचे कण झटकत होता. जोडीदाराचं प्लास्टर कधी निघणार, मी विचारलं. त्याने खांदे उडवले. कोणी काही सांगत नाही, म्हणाला.

"आजपुरते लिहा, काका," मी म्हटलं.

काकांनी तीन लिहिलं, पुढे बारीक अक्षरात ‘आजपुरते’, आणि खाली सही केली. मोजणी जुळली. चौसष्टला चौसष्ट. लोक वर निघाले. आजींनी जाता जाता सांगितलं की पुढच्या वेळी धूर करशील तेव्हा आधी सांग, केसांना रंग लावून बसणार नाही. नवऱ्याने मुंगीला खाली ठेवलं, माझ्या कपाळावरची काजळी अंगठ्याने पुसली, म्हणजे पीठ लावलं, आणि धावतच फाटकाबाहेर गेला.

वर आलो. घरात अजून निळसर धूर तरंगत होता. मी पंखा लावला, कढई पाण्यात भिजत ठेवली आणि त्याच खुर्चीवर बसले. मुंगी खिडकीपाशी गेली. करार पाळायला हवा होता. तिने एकेक बटण उचलून डब्यात टाकलं, मोठ्याने मोजत. दहा टाकली. अकरावं मात्र मुठीत धरून ती माझ्यापाशी आली, माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली, आणि बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली. एकदा दोन बोटं वर केली. मग तिसरं. मग ते परत मिटलं.

"आई," तिने विचारलं, "मग उद्या आपण किती?"